पोकेमॉन : धरणें, झुंजविणें आणि देणें

ज्या घरांत आठदहा वर्षांचें मूल आहे, त्या घरांतील वडील मंडळींना 'पोकेमॉन' हें नांव ठाऊक नाहीं असें सहसा होत नाहीं; आणि नांव ठाऊक असूनहि वस्तु ठाऊक आहे असेंहि सहसा होत नाहीं. या खेळाविषयीं दोन मतें आमच्या कानांवर वारंवार येतात. एक मत असें कीं, हा निव्वळ वेळ दवडण्याचा उद्योग असून त्याचा विचार करणें म्हणजे तोच वेळ दुसऱ्यांदा दवडणें होय. दुसरें मत याहून कडक आहे. मुक्या जीवांना रानांतून धरून आणावयाचें, डबींत कोंडावयाचें आणि बक्षिसासाठीं एकमेकांच्या अंगावर सोडावयाचें, हा कोंबड्यांच्या झुंजीचाच प्रकार असून तो मुलांच्या हातीं देणें बरें नव्हे, असें तें मत. पहिल्या मतास उत्तर देण्याचें आम्हांस प्रयोजन वाटत नाहीं. जी कृति जवळजवळ तीस वर्षें देशोदेशींच्या मुलांच्या मनांत घर करून राहिली आहे, तिची परीक्षा करणें हें टीकाकाराचें कामच आहे. मग ती कृति कागदावरची असो वा पडद्यावरची. दुसऱ्या मताचा मात्र आम्ही आदर करतों. त्यांतील प्रश्न खरा आहे, आणि गंमत अशी कीं, तो प्रश्न या खेळानें स्वतःच स्वतःला अनेक वेळां विचारला आहे. त्याचें उत्तर त्यानें दिलें काय, हें पाहण्यासाठीं हा लेख.

प्रथम थोडा इतिहास. 'पॉकेट मॉन्स्टर्स', म्हणजे खिशांत मावणारे राक्षस, या नांवाचा खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजीं जपानांत निघाला. 'गेम बॉय' नांवाच्या, हातांत धरून खेळावयाच्या लहानशा यंत्रासाठीं तो केलेला होता, आणि त्याच्या तांबडी व हिरवी अशा दोन आवृत्त्या एकाच दिवशीं विक्रीस आल्या. १९९८ सालीं तो अमेरिकेंत गेला व तेथून त्याच्या प्राण्यांचीं इंग्रजी नांवें जगभर पसरलीं. आमच्याकडील मुलेंहि तींच नांवें घेतात, म्हणून आम्हीहि तींच घेणार आहों.

खेळाचे कर्ते सातोशी ताजिरी हे १९६५ सालीं जन्मले व टोकियोच्या कडेच्या माचिदा या भागांत वाढले. त्यांच्या लहानपणीं तेथें भातशेतें होतीं, ओढे होते, झाडी होती. आणि या मुलाला किड्यांचें एवढें वेड होतें कीं, सोबती त्याला किड्यांचा डॉक्टर म्हणून हांक मारीत. जपानी मुलें भुंगेरे धरण्यासाठीं झाडाच्या सालीला मध लावून ठेवतात. ताजिरी यांनीं पाहिलें कीं, भुंगेरा दिवसा निजतो आणि निजण्यास दगडाखालची जागा पसंत करतो. तेव्हां त्यांनीं झाडाखालीं दगड ठेवण्यास आरंभ केला. सकाळीं दगड उचलावा तों खालीं भुंगेरा! ही गोष्ट त्यांनीं पुढें मुलाखतींत सांगितली आहे, आणि आमच्या मतें ती त्या सबंध खेळाचें बीज आहे. या युक्तींत बळ नाहीं. समोरचा जीव केव्हां जागतो, कोठें विसावतो, हें ओळखणें आहे. पुढें शहर वाढत आलें, झाडी गेली, मासे धरण्याचें तळें होतें तेथें व्हिडिओ गेमचा अड्डा झाला. हाच मुलगा मग त्या अड्ड्यांत जाऊं लागला, १९८३ सालीं हातानें लिहून 'गेम फ्रीक' नांवाचें पत्रक काढूं लागला, चित्रकार केन सुगिमोरी त्यास येऊन मिळाले, आणि पत्रकाची पुढें त्याच नांवाची खेळ रचणारी कंपनी झाली.

१९८९ सालीं गेम बॉय निघाला, तेव्हां दोन यंत्रें एका तारेनें जोडण्याची सोय त्यांत होती. इतरांनीं त्या तारेचा उपयोग शर्यतीसाठीं केला. दोघांनीं समोरासमोर बसून टेट्रिसच्या विटा रचावयाच्या आणि एकानें दुसऱ्यास हरवावयाचें. ताजिरी यांना त्या तारेवरून किडा चालत जातांना दिसला. या यंत्रांतून त्या यंत्रांत एक जीव जाऊं शकेल, ही कल्पना त्यांस सुचली, आणि ती प्रत्यक्षांत उतरण्यास सहा वर्षें लागलीं. खेळांतील लढाया पाहून जे टीकाकार त्याची किंमत ठरवितात, त्यांनीं हा क्रम ध्यानांत ठेवावा. आधीं तार सुचली. झुंज मागाहून आली.

आतां धरण्याची रीति पाहूं. खेळणारा मुलगा उंच गवतांतून चालत असतां एकाएकीं एखादा रानटी प्राणी समोर येतो. मुलानें आपल्याजवळच्या प्राण्यांपैकीं एक पुढें करावयाचा, समोरच्यास दमवावयाचें आणि मग पोकळ चेंडू फेंकून त्यांत त्यास अडकवावयाचें. येथेंच पेंच आहे. समोरचा प्राणी ताजातवाना असेल तर चेंडू फोडून बाहेर पडतो. म्हणून त्याला क्षीण केलाच पाहिजे. पण हात थोडा जड पडला, एक घाव वाजवीपेक्षां अधिक बसला, कीं तो मूर्च्छित होऊन निघून जातो, आणि शिकार हातची जाते ती जातेच. म्हणजे लढाईंत ज्याला जय म्हणतात, तोच येथें पराजय ठरतो. ज्या खेळांत रागाच्या भरांत केलेला वार स्वतःच्याच अंगावर येतो, असे मुलांचे खेळ आम्हांस फारसे आठवत नाहींत.

या संयमाचें गणितहि मोठ्या काळजीनें बसविलेलें आहे. २००२ सालापासूनच्या भागांत साधारण हिशेब असा कीं, ठणठणीत प्राणी चेंडूंत सांपडण्याचा जो संभव, त्याच्या सुमारें तिप्पट संभव तोच प्राणी अगदीं क्षीण झाल्यावर असतो. त्यास निजविलें तर तो आणखी निदान दुपटीनें वाढतो. माचिदाच्या त्या दगडाखालीं निजलेल्या भुंगेऱ्याची आठवण येथें होते कीं नाहीं? प्रत्येक जातीला धरण्याच्या सोपेपणाचा एक आंकडाहि दिलेला आहे. केटर्पी नांवाच्या गरीब सुरवंटाचा आंकडा २५५, आणि म्यूटू नांवाच्या महाबलाढ्य प्राण्याचा ३! एक चेंडू मात्र असा आहे कीं तो कधींच वांया जात नाहीं. हें ब्रह्मास्त्र सबंध खेळांत सरळ मार्गानें एकच मिळतें, आणि तें कोणावर सोडावें या विवंचनेंत कित्येक मुलें तें शेवटपर्यंत झोळींतच ठेवतात.

१९९९ सालच्या दुसऱ्या भागांत एक नवा डाव आला. त्याचें वैशिष्ट्य हें कीं, तो कितीहि जोरानें मारला तरी समोरच्याची शेवटची एक कला शिल्लक ठेवतो. धरणाऱ्याच्या सोयीसाठींच जणूं तो काढला आहे. इंग्रजींत त्याला 'फॉल्स स्वाइप', म्हणजे फसवा वार, असें नांव दिलें. पण मूळ जपानी नांव 'मिनेउचि' असें आहे, आणि त्याचा अर्थ तरवारीच्या पाठीनें मारणें. ज्याला ठार करावयाचें नाहीं त्याच्यावर तरवार उलटी करून घाव घालावयाचा, हा जपानी योद्ध्यांच्या कथांतून येणारा संकेत. भाषांतरांत फसवेपणा उरला आणि दया गळाली. अशी हानि या खेळाच्या इंग्रजी अवतारांत इतरत्रहि झाली आहे. लढाईंत पडलेल्या प्राण्यास इंग्रजींत 'मूर्च्छित' म्हणतात, तर जपानींत जो शब्द आहे त्याचा अर्थ 'मरणोन्मुख' असा होतो. प्राणी मरत नाहीं, हें ताजिरी यांनीं बुद्ध्या ठेवलें. मुलांना मृत्यु खेळण्यासारखा वाटूं नये अशी त्यांची काळजी होती. पण मरणाची छाया जपानी शब्दांत तरी राहिली आहे.

चेंडू एकदां पडला कीं तो तीनदां हालतो. त्या तीन हालचालींत खेळणाऱ्याचा श्वास अडकलेला असतो. या वेळीं यंत्राचें बटण दाबून धरल्यास प्राणी नक्की सांपडतो, अशी समजूत जपानपासून अमेरिकेपर्यंतच्या मुलांत पसरली. हिशेबावर तिचा कांहींएक परिणाम होत नाहीं. पण क्रिकेटचा सामना चालू असतां जागा सोडून उठूं न देणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं मुलांच्या या समजुतीस हंसूं नये हें बरें.

झुंजीविषयीं आम्ही थोडक्यांत सांगतों, कारण तिचा गुण सर्वमान्य आहे. पहिल्या खेळांत प्राण्यांचे पंधरा वर्ग होते. पुढें १९९९ व २०१३ सालीं भर पडून ते अठरा झाले. अग्नि वनस्पतीस जाळतो, वनस्पति जल शोषते, जल अग्नीस विझवितें. या सोप्या त्रिकोणापासून आरंभ करून खेळ मुलास हळूहळू अशा कोष्टकांत नेतो कीं, तें पाठ करतांना तें कोष्टक आहे हेंहि त्याच्या लक्षांत येत नाहीं. पाढ्यांना कंटाळणारें मूल हें कोष्टक आनंदानें तोंडपाठ म्हणतें, यांत शाळामास्तरांनी विचार करण्यासारखें पुष्कळ आहे. प्रत्येक प्राण्यास एका वेळीं चारच डाव येतात आणि संगतीस सहाच प्राणी नेतां येतात, त्यामुळें निवड करावीच लागते. निवड आली कीं बुद्धि आली. दोष म्हणाल तर पहिल्या खेळांत तोल पार बिघडलेला होता. मनःशक्तीच्या वर्गापुढें इतरांचें कांहीं चालत नसे. भुतांना तो वर्ग भितो असें खेळांतीलच एक पात्र सांगतें, आणि प्रत्यक्षांत भुतांच्या वाराचा त्यावर काडीमात्र परिणाम होत नाहीं! अशी चूक नाटकांत झाली असती तर प्रेक्षकांनीं ती चालूं दिली नसती.

याहून मोठा दोष निराळ्या ठिकाणीं आहे. कथेच्या शेवटीं नायकाचा प्रतिस्पर्धी हरतो, तेव्हां त्याचा आजा, प्रोफेसर ओक, त्याला बोल लावतो कीं, तूं आपल्या प्राण्यांवर विश्वास आणि प्रेम करावयास विसरलास म्हणून हरलास. उपदेश उत्तम आहे. पण १९९६ च्या त्या खेळांत प्रेमाचें माप घेणारी कोणतीच योजना नव्हती. नायक जिंकतो तो आपले प्राणी अधिक लढवून अधिक बलवान केल्यामुळें. कथा एक सांगते आणि नियम दुसरेंच करतात. कर्त्यांना हें जाणवलें असावें. १९९८ च्या पिवळ्या आवृत्तींत पिकाचू नायकाच्या मागोमाग चालूं लागला व त्याच्या मर्जीची नोंद होऊं लागली. १९९९ सालीं तर सर्वच प्राण्यांच्या स्नेहाचें माप आलें. बरोबर चालल्यानें स्नेह वाढतो, लढाईंत पडूं दिल्यानें घटतो, आणि कांहीं प्राण्यांचें रूपांतर त्या स्नेहावांचून होतच नाहीं. उपदेशाला नियमाचा आधार मिळण्यास तीन वर्षें लागलीं, पण मिळाला.

एका माशाचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. मॅजिकार्प नांवाचा हा मासा डोंगराच्या पायथ्याशीं एक लबाड माणूस पांचशें येनला गळ्यांत बांधतो. त्याला तडफडण्यावांचून कांहीं येत नाहीं, आणि त्या तडफडण्याचा शत्रूवर परिणाम शून्य! शहाणा खेळाडू फसलों म्हणून त्याला टाकून देतो. पण जो त्याला प्रत्येक लढाईंत क्षणभर पुढें करून, लगेच मागें घेऊन, विसाव्या पायरीपर्यंत सांभाळतो, त्याच्या हातीं ग्याराडोस हा भयंकर सर्पमत्स्य येतो. धबधबा चढून जाणारा मासा ड्रॅगन होतो ही चीन-जपानांतील जुनी कथा येथें नियमांच्या रूपानें सांगितली आहे, आणि सांगणाऱ्यानें तिच्यावर एक वाक्यहि खर्च केलेलें नाहीं. त्या सबंध खेळांतील हा आम्हांस सर्वांत आवडलेला भाग होय.

आतां त्या तारेकडे वळूं. तांबड्या आवृत्तींत कांहीं जाती मुळींच भेटत नाहींत, हिरवींत दुसऱ्या कांहीं भेटत नाहींत. कोयत्यासारखे हात असलेला सायथर तांबडींत सांपडतो, चिमट्याच्या शिंगांचा पिन्सर हिरवींत. दोन्ही किडेच, हा योगायोग नसावा. आरंभीं तीन प्राण्यांतून एकच मिळतो, पुढें दोन अवशेषांतून एकच मिळतो. शिवाय मॅचोक, ग्रॅव्हलर, हाँटर व कडाब्रा या चौघांचें शेवटचें रूपांतर केव्हां होतें? ते तारेवरून दुसऱ्याच्या यंत्रांत गेले म्हणजेच. आपल्याजवळ जन्मभर ठेवले तरी ते अपुरेच राहतात! तात्पर्य, हा संग्रह एकट्यानें पुरा होणें नियमानेंच अशक्य करून ठेवलें आहे. जाहिरातींत 'सर्वांना धरा' असें म्हटलें खरें. पण खेळ असें म्हणतो कीं, तुझ्याजवळचा दे, तेव्हां यादी पुरी होईल.

दिलेल्या प्राण्याविषयींचे नियम तर फारच बारकाईनें बसविले आहेत. त्याच्यावर पहिल्या धन्याचें नांव व क्रमांक कायमचा राहतो. पहिल्या धन्यानें ठेवलेलें लाडकें नांव नव्या धन्यास बदलतां येत नाहीं, असा नियम पुष्कळ वर्षें होता. आमच्याकडे दत्तक गेलेल्या मुलाचें नांव, गोत्र, सर्वच बदलतें. येथें जन्मघरचें नांव पुसतां येत नाहीं. परघरीं तो अधिक लवकर वाढतो, दीडपट अनुभव मिळवितो. पण नव्या धन्याच्या अंगीं योग्यता नसेल, त्यानें पुरेसे बिल्ले मिळविले नसतील, तर त्याचें ऐकत नाहीं, लढाईच्या मध्येंच झोंपी जातो. लढाईंतील बळानें माणसांचा संबंध मोजणारे खेळ पुष्कळ आहेत. एका मुलानें दुसऱ्यास दिलेल्या वस्तूची आठवण ठेवणारा, आणि ती आठवण पुसूं न देणारा खेळ आम्हांस दुसरा ठाऊक नाहीं.

येथवर स्तुति झाली. आतां आरंभीं उल्लेखिलेल्या आक्षेपाकडे येणें प्राप्त आहे. संगतीला सहा प्राणी, उरलेल्यांचें काय? ते संगणकांतील पेट्यांत जातात. पहिल्या खेळांत त्या पेट्यांत २४० प्राणी मावत. एवढ्या कौशल्यानें, एवढ्या संयमानें धरलेला जीव दुसऱ्या क्षणीं यादींतील एक ओळ होऊन पडतो, आणि पुष्कळदां त्याचें तोंड पुन्हां कोणी पाहत नाहीं. किड्यांच्या संग्रहांत टांचणीनें टोंचलेला भुंगा निदान कांचेखालीं दिसतो तरी! प्राण्यांच्या हक्कांसाठीं झगडणाऱ्या 'पेटा' या संस्थेनें २०१२ सालीं या खेळाचें एक विडंबन काढलें व झुंजीच्या क्रूरपणावर कोरडे ओढले. आमच्या मतें तिचा नेम चुकला. झुंजींत निदान सोबत असते. पेटींत तीहि नाहीं. दोष दाखवावयाचा होता तर पेटीकडे बोट दाखवावयास हवें होतें.

मूळ खेळास या प्रश्नाची जाणीव नव्हती असें नाहीं. लॅव्हेंडर नांवाच्या गांवीं मेलेल्या प्राण्यांच्या समाधींचा एक मनोरा आहे. जेथें कोणी मरत नाहीं असें आपण समजत होतों, तेथें मुलाला एकाएकीं रांगेनें समाधि दिसतात व त्यांपुढें उभीं राहिलेलीं माणसें दिसतात. मनोऱ्याच्या जिन्यावर एक भूत वाट अडवून उभें राहतें. तें कोणाचें? चोरांनीं मारलेल्या एका आईचें; तिचें पोर मागें एकटें उरलें आहे. हें भूत धरूं गेल्यास चेंडू त्याला लागतच नाहीं. सबंध खेळांत जी एकच गोष्ट मूल प्रत्येक प्राण्यापुढें करीत आलेलें असतें, ती येथें नाकारली जाते. त्या भुताला शांत करावें लागतें. धरतां येत नाहीं. हें दृश्य ज्यानें योजिलें, त्याच्या ठिकाणीं कवीची दृष्टि होती हें आम्ही निःशंकपणें म्हणतों.

परंतु पुढच्या कर्त्यांना ही दृष्टि पेलली नाहीं. २०१० सालच्या 'ब्लॅक' व 'व्हाइट' या भागांत त्यांनीं प्रश्न उघडच मांडला. एन नांवाचा एक तरुण येतो. त्याला प्राण्यांची भाषा कळते. आणि माणसानें प्राण्यांना चेंडूंत कोंडणें हा अन्याय आहे, त्यांस सोडून द्या, असें तो म्हणतो. कोणत्याहि खेळानें स्वतःच्या पायावर घातलेला याहून मोठा घाव आम्हीं पाहिला नाहीं. आम्ही उत्सुकतेनें उत्तराची वाट पाहूं लागलों. उत्तर काय मिळालें? एनचा पालक घेत्सिस हा ढोंगी निघतो. सर्वांनीं आपले प्राणी सोडावे म्हणजे आपल्या एकट्याच्याच हातीं बळ राहील, हा त्याचा डाव उघडकीस येतो, आणि प्रश्न तेथेंच संपतो! वादीचा वकील लबाड निघाला म्हणून वादीचा दावा खोटा ठरत नाहीं, हें कोणताहि मुन्सफ सांगेल. एनचा प्रश्न तसाच उभा आहे. त्याला उत्तर देण्याचा प्रामाणिक मार्ग त्या तारेंत, त्या समाधींच्या मनोऱ्यांत आधींच सुचविलेला होता. कर्त्यांनीं तो न घेतां खलपुरुषाच्या जुन्या युक्तीचा आश्रय केला.

जें कर्त्यांनीं केलें नाहीं तें खेळणाऱ्यांनीं केलें, हा या कथेंतील सर्वांत विलक्षण भाग. त्याच २०१० सालीं एका अमेरिकन तरुणानें आपल्या खेळाची हकीकत चित्रमालिकेंतून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि तींतील स्वतःवर घातलेलीं बंधनें 'नझलॉक' या नांवानें जगभर पसरलीं. नियम मुख्यतः दोनच. प्रत्येक प्रदेशांत जो पहिला प्राणी भेटेल तोच धरावयाचा, दुसरा नाहीं. आणि जो मूर्च्छित होईल तो मेला असें समजून त्यास कायमचा निरोप द्यावयाचा. त्यांस जोडून, धरलेल्या प्रत्येकाला नांव ठेवावयाचें अशी रीतहि पडली. यंत्र यांपैकीं एकाहि नियमाची सक्ति करीत नाहीं. मोडला तर पाहणारें कोणी नाहीं. तरी हजारों लोक हें व्रत पाळतात, आणि क्षुद्र पाखराच्या मरणानें हळहळतात. निवडीची मोकळीक गेली, तेव्हां समोर आलेल्याला सांभाळणें आलें. मरण आलें, तेव्हां झुंजीला किंमत आली. पेटींत पडून राहण्याइतके प्राणीच उरले नाहींत. पेटीचा दोष तीन ओळींच्या नियमांनीं नाहींसा झाला. रसिकांनीं मूळ ग्रंथावर केलेली अशी टीका, कीं जी टीका करण्यासाठीं ग्रंथच पुन्हां जगावा लागतो, आमच्या वाचनांत तरी क्वचितच आली आहे.

नंतरच्या भागांविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. २०१६ च्या जुलैंत 'पोकेमॉन गो' निघाला व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तो हिंदुस्थानांत अधिकृत रीतीनें आला. त्यानें माणसांना घराबाहेर काढून रस्त्यांतून व बागांतून चालविलें, हें पुण्य त्याच्या पदरीं बांधलेंच पाहिजे. पण त्यांत रानटी प्राण्याला दमवावें लागत नाहीं; बोटानें चेंडू भिरकावला कीं काम झालें. एकाच जातीचे पन्नास धरावे, एक ठेवून बाकीचे प्रोफेसरकडे रवाना करावे, आणि प्रत्येकाबद्दल एक गोळी घ्यावी. त्या प्राण्यांचें पुढें काय होतें, हें विचारण्याची कोणास छाती होत नाहीं! देवघेवीची सोय तर त्यांत २०१८ पर्यंत नव्हतीच. मुख्य मालिकेंतहि २००६ सालापासून आंतरजालावरून अपरिचितांशीं अदलाबदल करतां येऊं लागली, आणि तारेच्या दोन टोकांना बसलेलीं दोन मुलें जाऊन त्यांच्या जागीं बाजार आला. २०१३ सालीं एक बरी योजना निघाली: आपण एक प्राणी अज्ञाताला पाठवावा व अज्ञाताकडून कोणता येईल तो घ्यावा. हें गुप्तदानच होय. मात्र फाटकी नोट देवापुढें ठेवणारे भाविक जगांत सर्वत्र आहेत, असा त्यांतहि अनुभव येतो. २०२२ सालच्या 'लेजेंड्स : आर्सेउस' या भागाबद्दल आम्हांस समाधान वाटतें. त्यांत मूल गवतांत दबून बसतें, प्राण्याची पाठ वळण्याची वाट पाहतें, आणि चुकलें तर प्राणी त्याच्यावरच धांवून येतो. माचिदाच्या मुलाला हा खेळ ओळखूं आला असता.

वडील मंडळींस आमचें सांगणें एवढेंच कीं, मुलाच्या हातीं हा खेळ देणार असाल तर त्याच्याबरोबर खेळणारें दुसरें मूल कोठें आहे तें आधीं पाहा. एकट्यानें खेळलें असतां तो पेट्या भरण्याचा उद्योग होतो, आणि दुसरें मत असलेल्या गृहस्थांचें म्हणणें मग पुष्कळसें खरें ठरतें. जमल्यास मुलाला विचारा कीं, पेटींत कोण कोण आहेत. नांवें सांगतां आलीं तर काळजीचें कारण नाहीं.

प्राण्यांच्या मरणाची एक गोष्ट राहिली. ती कर्त्यांनीं योजिलेली नव्हे. १९९६ च्या त्या खेळाच्या पेटींत नाण्याएवढी एक बॅटरी असे, आणि मुलाची सर्व नोंद, धरलेल्या प्रत्येक प्राण्यासह, तिच्या जोरावर टिके. पंधरावीस वर्षांनीं अशा बॅटऱ्या संपूं लागल्या. बॅटरी संपली कीं सर्व प्राणी एका क्षणांत नाहींसे होतात. खेळ पुन्हां आरंभापासून सुरू करतां येतो, पण ते प्राणी परत येत नाहींत. नव्या भागांत त्यांना नेऊन ठेवावें तर तीहि सोय नव्हती, कारण २००२ सालच्या भागानें जुन्या भागांशीं असलेला संबंधच तोडला. कांहीं हौशी मंडळी बॅटरी संपण्यापूर्वीं ती नोंद संगणकावर उतरून घेतात व मग नवी बॅटरी डाख देऊन बसवितात. पण बहुतेकांना हें कळलें तेव्हां उशीर झालेला होता. ज्या मुलानें तेव्हां आपला सायथर मित्राला देऊन पिन्सर घेतला, त्याचें यंत्र आज उघडलें तर रिकामेंच निघेल. मित्राच्या पेटींतील बॅटरी अजून चालत असेल, तर तेथें मात्र तो सायथर असेल, आणि त्याच्या नोंदींत पहिल्या धन्याचें नांव आजहि वाचतां येईल.